कपाटामागची ओल

अकाईतीने कपाटाच्या तळाशी हात घातला तेव्हा आधी प्लास्टिकचा गारठा लागला आणि मग वास आला. बुटात विसरलेल्या ओल्या मोज्याला येतो तसला. तिने हात मागे घेतला, पण ओठ हलायचे थांबले नाहीत. सकाळची प्रार्थना पुरी होईपर्यंत कुणाशी काही बोलायचं नाही, हा तिचा कित्येक वर्षांचा नेम होता, आणि आजच्या दिवशी तरी तिला तो मोडायचा नव्हता. लेकीच्या लग्नाची चादर बाहेर काढायचा दिवस होता.

"आमेन" म्हटल्यावरच तिने गाठोडं ओढलं. प्लास्टिकच्या पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी पिशवी, तोंडाला चिकटपट्टी. वाराही शिरू नये असा बंदोबस्त तिने स्वतःच्या हाताने केलेला. पट्टी सोडवून तिने घडी पलंगावर उलगडली. पांढऱ्या कापडावर लाल फुलं, मधोमध मोठं चक्र, चारी कोपऱ्यांना एकेक तुरा. आणि भिंतीकडे होता त्या कोपऱ्यावर, तुऱ्याच्या आजूबाजूला, काळे-हिरवे ठिपके. कुणी ओले तीळ सांडून ठेवावेत तसे.

अकाईती पलंगाच्या कडेला बसली. 

ही तिवाएवाए, त्यांच्याकडची लग्नाची चादर, तिच्या आईने कातरलेली. आतिऊ या त्यांच्या मायदेशीच्या बेटावर आईच्या हाताची कात्री सगळ्यांना ठाऊक होती. पेन्सिलीची रेघ न ओढता, कापडाची आठपदरी घडी घालून ती कात्री फिरवायची आणि घडी उलगडली की अंगणातली फुलं कापडावर आलेली असायची. अकाईती नवऱ्याबरोबर न्यूझीलंडला, तोकोरोआच्या कागदगिरणीच्या गावात आली, तेव्हा मागून बोटीने बिस्किटांचा एक डबा आला. डब्यात कातरलेलं लाल कापड आणि सोबत निरोप : शिवायचं तुम्ही. नातीच्या लग्नात खांद्यावर घाला.

ती नात, मेरेआना, तेव्हा रांगत होती. पुढे ती शिकली, गावातली बस चालवायला लागली आणि लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "आई, माझ्या बसमध्ये रोज चाळीस माणसं बसतात, घरी आणखी एक कशाला?" चाळिशीही उलटली. चादर कपाटात वाट बघत राहिली. आणि आता, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, लाकडाच्या वखारीतला वायरेमू नावाचा शांत, टक्कल पडलेला गडी बसमध्ये चढला तो उतरलाच नाही. लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. दोघं ह्याच घरात, ह्याच मागच्या खोलीत राहणार होती.

लग्नाच्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये बायका चादर चारी बाजूंनी धरतात, पसरून नाचवत आणतात, सगळ्या गावाला दाखवतात आणि मग नवरानवरीच्या खांद्यावर घालतात. सगळं गाव म्हणजे सगळं गाव. टाका तिरका गेला तरी बघणाऱ्या असतात. तिथे हे ठिपके!

तिने नणंदेला फोन लावला.

"वन्सं, जरा येऊन जाता?"

"का गं? कुणी गेलं का?"

"कुणी नाही गेलं. या म्हणते."

"मग जेवून येते. कुणी गेलं असतं तर तशीच आले असते."

तेपाएरू, नवऱ्याची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. जीभ धारदार, गुडघे मोडकळीला आलेले. ती आली, काठी टेकून खोलीच्या दारात उभी राहिली, चादरीकडे तिने एकदा पाहिलं आणि डोळे मिटले. मग नाक वर करून कुत्र्यासारखं हुंगलं.

"मेरेआनाला दाखवलंस?"

"नाही, आणि दाखवणारही नाही. म्हणेल, जाऊ दे आई, दुकानातली घेऊ."

"धुऊन निघेल बहुतेक. पण धुऊन ठेवशील कुठे? पुन्हा इथेच?" तेपाएरूने काठीने कपाटावर ठोकलं. "धर तिकडून."

दोघींनी मिळून कपाट पुढे ओढलं. मागची भिंत, कपाटाच्या उंचीइतकी, चुलीमागच्या भिंतीसारखी काळी झाली होती. वॉलपेपरचा एक पापुद्रा सुटून लोंबत होता. बोट लावलं तर ओलं.

"छप्पर गळतंय," अकाईती म्हणाली. "मी म्हणतच होते."

"छप्पर गळलं तर डाग वरून उतरतो. वर बघ, कोरडं ठणठणीत आहे."

"मग बाहेरून मुरतंय. पाऊस काय कमी आहे इथे?"

"थांब. कळेल." तेपाएरूने स्वयंपाकघरातून चांदीचा कागद आणवला, भिंत टॉवेलने पुसून कोरडी केली, आणि हातभर तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करून भिंतीवर लावला. "माझ्या घरी लेकाने असंच केलं होतं. दोन दिवस हात लावू नकोस. पाणी कागदाच्या मागे साचलं तर ते भिंतीचं. पुढे साचलं तर तुझं."

"माझं? मी काय भिंतीवर पाणी मारते?"

 तेपाएरू स्वयंपाकघरात गेली होती. तिथे तारोचे अळकुडीसारखे कंद मोठ्या पातेल्यात रटरटत होते. तिने कपाळाला हात लावला आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

दोन दिवसांनी कागदाच्या खोलीकडच्या बाजूवर थेंब उभे होते, घाम यावा तसे. अकाईतीने पट्टी सोलून मागे पाहिलं. मागे कोरडं.

"झालं?" तेपाएरू म्हणाली. "भिंतीचा काही दोष नाही. दिवसभर तुझी पातेली उकळतात. ओले कपडे तू शेगडीसमोर वाळवतेस. ती गॅसची शेगडीसुद्धा पाणीच ओकते, माहितेय? तुझा श्वास, मेरेआनाची रोजची आंघोळ. सगळी वाफ जाते कुठे? खिडक्या तर तू एप्रिलमध्ये थंडी सुरू झाल्यापासून वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवतेस. मग ती फिरत फिरत जाते आणि घरातला सगळ्यात गार कोपरा गाठून बसते. तो कोपरा म्हणजे हा. बाहेरची भिंत, पुढे कपाट, वाऱ्याचा लवलेश नाही."

एवढं बोलून तिने जाऊन खिडकी उघडली. बोळे टपटप खाली पडले. बाहेर धुकं होतं, गवतावर दव पांढरं गोठलेलं. गार वारा आत आला तशी अकाईती उठली आणि तिने खिडकी लावून घेतली.

"वन्सं, माझ्या घरात मला थंडीने मारायला आलात का?"

"दहा मिनिटं गं. ही आणि समोरची. वारा इकडून तिकडे जाऊ दे."

"नाही म्हटलं ना."

आवाज चढला नव्हता. अकाईतीचा आवाज कधी चढतच नसे. पण तेपाएरू खिडकीपासून मागे सरली, कारण भावजयीने तिला "नाही" म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं.

खिडकीचे बोळे अकाईतीने पुन्हा एकेक करून बसवले. बसवताना तिच्या मनात आत्ताची खोली नव्हतीच.

तो पहिला हिवाळा होता. बेटावरून आलेल्या चार बायका, अकाईती, तेपाएरू, तेईना आणि उपोको, ह्याच घरातल्या ह्याच खोलीत. नवरे गिरणीत, पाळीवर. अंगात सुती झगे, वर नवऱ्यांचे स्वेटर. थंडी म्हणजे काय ते आयुष्यात पाहिलं नव्हतं. आतिऊला घराला दार असायचं ते डुकरं आत येऊ नयेत म्हणून, आणि इथे खिडकीच्या फटीतून सुरी आत शिरल्यासारखा वारा. तेईनाने वर्तमानपत्रं ओली करून फटींत कोंबली. उपोकोने एकुलती एक शेगडी मधोमध ओढली. चौघींनी चादर मांडीवर पसरली, एकेक कोपरा एकेकीकडे, आणि सुया चालू झाल्या. चुलीवर तारोची पानं शिजत असायची. मेरेआना चादरीखाली रांगत जाऊन कुणाच्या तरी पायाला चावायची. काचांवर पाणी ओघळायचं आणि उपोको उठून ओल्या काचेवर बोटाने मासा काढायची, मग होडी, मग आपल्या नवऱ्याचं पोट. हसून हसून टाके चुकायचे. गाण्यांना खंड नसे. बाहेर सगळं परकं होतं, भाषा परकी, झाडं परकी. आत मात्र आईच्या कुशीत शिरावं अशी ऊब. देवाने परदेशात आपल्याला एक खोली दिली, असं अकाईती तेव्हा रोज रात्रीच्या प्रार्थनेत म्हणायची.

तेईना ऑस्ट्रेलियाला लेकाकडे गेली ती गेलीच. उपोको देवाघरी गेली. अकाईतीचा नवराही गेला. पण हिवाळा लागला की बोळे कोंबायचे, शेगडी पेटवायची आणि काचेवर पाणी आलं की कसं बरं वाटायचं. घर भरलेलं वाटायचं.

"आपण चौघी ह्याच बंद खोलीत बसत होतो," ती खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली. "तेव्हा काही झालं नाही."

तेपाएरू पलंगाच्या कडेला टेकली. मग म्हणाली, "उपोको तो सगळा हिवाळा खोकत होती. आठवतं?"

"उपोको गात होती."

"गात होती आणि खोकत होती. दोन कडव्यांच्या मध्ये. आपण म्हणायचो, हिला इथलं हवामान मानवत नाही. मी तिच्या पाठीला तेल चोळायचे त्या सोफ्यावर. आणि मेरेआनाच्या छातीची घरघर? तू तिला मांडीवर उभी धरून रात्र रात्र झोपायचीस."

अकाईतीने डोळे मिटले. गाणं तिला ऐकू आलं, जसं नेहमी यायचं. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, दोन कडव्यांच्या मधली ती जागा. तिथे खोकला होता. होताच. तिनेच तो कुठे तरी गाळून टाकला होता.

"चांगली होती हो ती खोली," ती म्हणाली.

"चांगली होती," तेपाएरू म्हणाली. "मी कुठे नाही म्हणते? मलाही तशी ऊब पुन्हा मिळाली नाही. पण ती खोलीची नव्हती गं, आपली होती. खोलीची होती ती ही." आणि तिने काठीने काळ्या भिंतीकडे दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची प्रार्थना झाल्यावर अकाईतीने स्वतःच बोळे काढले. पहिल्या दिवशी दहा मिनिटं ती अंगाला शाल लपेटून घड्याळासमोर उभी राहिली, उपास सुटायची वाट बघावी तशी. पण मग रोजच्या नेमात तो एक नेम मिसळून गेला. भिंत व्हिनेगरने पुसली, कोरडी केली, पुन्हा पुसली. गॅसची शेगडी बाहेर काढून कोपऱ्यात विजेचा हीटर लावला. कपडे मागच्या ओसरीत, छपराखाली वाळायला गेले. घराच्या पायथ्याला, जमीन आणि लाकडी फरशीच्या मध्ये हवेसाठी जाळ्या होत्या. त्याही तिने पूर्वी कधी तरी गोणपाटांनी बंद केल्या होत्या. ती गोणपाटं ओढून काढली तेव्हा आतून जुन्या विहिरीसारखा वास आला.

मेरेआना बसची पाळी संपवून घरी आली आणि दारातच थबकली.

"आई, तुझी तब्येत बरी आहे ना? खिडकी उघडी आहे."

"मीच उघडली."

"तू?" मेरेआनाने आत्याकडे पाहिलं. "आत्या, हिला ताप आहे का?"

"तुझं लग्न आहे. घराला वारा नको लागायला? तुझा वायरेमू आधीच बोलत नाही. ह्या वासाने तर गुदमरून उलट्या पावली जाईल."

"तो लाकडाच्या वखारीत काम करतो, आत्या. त्याला वास येतच नाही."

"देव काळजी घेतो बघ," तेपाएरू म्हणाली. मेरेआना हसत आत गेली. चादर तेव्हा तेपाएरूच्या पलंगाखाली लपवलेली होती.

चादर धुवायचा दिवस त्यांनी बघून निवडला. तोकोरोआत हिवाळ्यात धुकं दुपारपर्यंत बसून राहतं, पण त्या दिवशी लवकर उठलं. आधी अंगणात नेऊन कोरड्या मऊ ब्रशने बुरशी झटकली. मग अकाईतीने पांढरा रुमाल ओला करून लाल पाकळीवर दाबून धरला. हा क्षण तिला कठीण गेला. लाल रंग सुटला तर पांढरं सगळं गुलाबी होणार होतं आणि मग काही उपाय नव्हता. तिने रुमाल उचलला. पांढराच होता.

"आईने कापड मिठाच्या पाण्यात उकळून मगच कातरलं असणार," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. एवढ्या लांबून, एवढ्या वर्षांनी आई कामाला आली होती.

लिंबू आणि मीठ चोळून, उन्हात धरून, पुन्हा चोळून ठिपके फिके झाले. पण गेले नाहीत. कोरड्या चहाच्या थेंबांसारखे उरले. लांबून दिसले नसते. पण त्या हॉलमध्ये लांबून बघणार कोण?

"वर एक पान शिवून टाक," तेपाएरू म्हणाली. "लाल कापड माझ्याकडे आहे."

"एका कोपऱ्यात पान आणि बाकी तिन्ही रिकामे? आईने आठपदरी घडी घातली ती सगळं सारखं यावं म्हणून. वरून कात्री फेकून मारेल मला."

"मग नाचवताना तो कोपरा मी धरते. मुठीत. बघूया माझी मूठ कोण सोडवतं."

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलांवर तारो, नारळाच्या दुधातली पानं, मासे, बिटाने गुलाबी झालेलं बटाट्याचं सॅलड. ढोल वाजला आणि बायका चादर घेऊन दारातून आल्या, कमरेतून डुलत, फुलांचे मुकुट घालून. पांढऱ्यावरची लाल फुलं वर-खाली होत होती, वाऱ्यावर हलावीत तशी. बसलेल्या बायकांच्या तोंडून कौतुकाचा आवाज निघाला. अकाईती नवरीशेजारी उभी होती. तिने आधी तेपाएरूच्या हाताकडे पाहिलं. सांधे सुजलेली ती म्हातारी मूठ, कोपरा चुरगळून घट्ट आवळलेला. गुडघे दुखत असूनही ती सगळ्यांपेक्षा जोरात नाचत होती.

"तेपाएरू!" पहिल्या रांगेतून ईना ओरडली. ती चर्चच्या वडीलमंडळींपैकी एकाची बायको. तिच्या नजरेतून टाका सुटत नसे. "कोपरा सोड की गं. अकाईतीच्या आईची कात्री आहे, पूर्ण दिसू दे!"

"दिसतंय तेवढं बघ," तेपाएरू नाचता नाचता म्हणाली. "तुझं लग्न आहे का?"

लोक हसले. मेरेआनाही हसली, पण तिचे डोळे चादरीवरून फिरत होते. पहिला तुरा, दुसरा, तिसरा. आणि चौथा सापडत नाही म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून बघायला लागली.

ते अकाईतीने पाहिलं. आजीने तिच्यासाठी चार कातरले होते. ती पुढे गेली. तेपाएरूच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "सोडा, वन्सं."

"अगं, नको."

"सोडा."

तिने नणंदेची बोटं एकेक करून उघडली, कोपरा हातावर सरळ केला आणि ईनाच्या पुढ्यात धरला. ढोलवाल्याने हात थांबवला. तुऱ्याभोवतीचे तपकिरी ठिपके आता कुणालाही दिसण्यासारखे होते.

"माझ्या घरची ओल आहे," अकाईती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, पण हॉल इतका गप्प झाला होता की मागच्या भिंतीपर्यंत पोचला. "प्लास्टिकमध्ये बांधून, कपाटात कोंबून, खिडक्या लावून मीच सांभाळली. फार सांभाळली."

ईना वाकली. तिने ठिपक्यांवरून बोट फिरवलं. तिच्या तोंडून आता काय निघणार म्हणून तेपाएरूने काठी सावरली.

"वास गेला?" ईनाने हळूच विचारलं.

"गेला."

"कशाने?"

अकाईतीने तिच्याकडे बघितलं. ईनाच्या चेहऱ्यावर तोरा नव्हता. "माझ्या पलंगाखालच्या पेटीत अशा चार चादरी आहेत," ईना म्हणाली. "दोन वर्षं झाली, मी उघडत नाही. झाकण उचललं की वास येतो, म्हणून परत लावते."

"माझ्यासुद्धा," मागून कुणी तरी म्हणालं. मग आणखी एकीने आपल्या सासूच्या चादरीचं सांगितलं, आणि एकीने तर नातवाच्या खोकल्याचंच सुरू केलं. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. ढोलवाला बिचारा काठ्या हातात घेऊन बघत राहिला.

मेरेआना कधी जवळ आली ते अकाईतीला कळलं नाही. लेकीने तो कोपरा तिच्या हातातून घेतला, नीट पाहिला, मोजल्यासारखं तुऱ्याला बोट लावलं आणि म्हणाली, "आता सगळे आहेत. घाल."

बायकांनी चादर उचलली. वायरेमू आणि मेरेआना तिच्याखाली उभी राहिली, डागाचा कोपरा मेरेआनाच्या डाव्या खांद्यावर आला. वायरेमूने मान वळवून तो हुंगला आणि सगळ्यांसमोर, त्या दिवशीचं पहिलंच वाक्य बोलला, "मला लिंबाचा वास येतोय."

हशा पिकला. ढोल पुन्हा सुरू झाला. गर्दीतून वाट काढत ईना आली आणि तिने अकाईतीचा दंड धरला.

"सोमवारी येशील माझ्याकडे? खरं सांग, येशील?"

"सकाळची प्रार्थना झाली की येते," अकाईती म्हणाली. "पण आज घरी गेलीस की आधी ती पेटी भिंतीपासून हातभर पुढे ओढ. आणि झाकण उघडं ठेव. रात्रभर वास येईल, येऊ दे."